तोतया आणि परवली

पन्हाळ्यावर गेलेला प्रवासी शिवा काशीदाच्या स्मारकापाशीं क्षणभर थांबल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १६६० च्या जुलै महिन्यांतील एका पावसाळी रात्रीं सिद्दी जोहाराच्या वेढ्यांतून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले, आणि महाराजांचा वेष घेतलेला नेबापूरचा हा वीर पालखीसह शत्रूच्या हातीं लागला, ही परंपरेनें चालत आलेली हकीकत कोल्हापुरांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. तींतील स्वामिनिष्ठेचें कौतुक पुष्कळ झालें आहे, व तें यथार्थच आहे. परंतु जोहाराच्या बाजूनें पाहूं गेल्यास तींत एक निराळा धडा सांपडतो. त्याच्या लोकांनीं पालखी पाहिली, पेहराव पाहिला, चेहरेपट्टी पाहिली, आणि 'हेच ते' असें मानलें. ओळखीची खूण निराळी आणि ओळखावयाचा माणूस निराळा, हें त्यांच्या ध्यानांत आलें तेव्हां महाराज दूर निघून गेले होते.

हा धडा आज आठवण्यास एक घरगुती कारण घडलें आहे. आमचे एक निवृत्त स्नेही आहेत. मुलाच्या आग्रहावरून त्यांनीं आपल्या पुंजीपैकीं कांहीं रक्कम बिटकॉइन नांवाच्या आभासी चलनांत गुंतविली होती, व त्यासाठीं अशा चलनांच्या एका बाजारपेढीवर खातें उघडलें होतें. एका रात्रीं त्यांच्या मोबाइलवर निरोप आला कीं, चोवीस तासांत ओळख न पटविल्यास खातें बंद होईल; ओळख पटविण्यासाठीं येथें बोट ठेवा. त्यांनीं बोट ठेवलें. समोर उघडलेलें पान नेहमींचेंच दिसत होतें. तेंच बोधचिन्ह, तेच रंग. त्यांनीं परवलीचा शब्द भरला, पाठोपाठ आलेली सहा आंकडी संख्या भरली, आणि निजावयास गेले. सकाळीं खातें रिकामें होतें. रंकाळ्याच्या कांठीं ही गोष्ट सांगतांना ते म्हणाले, "चोर आला असता तर सोसलें असतें. मीं माझ्या हातानें किल्ली नेऊन दिली. घरीं अजून सांगण्याचा धीर झाला नाहीं." त्यांच्या संमतीनें व नांव गाळून ही हकीकत येथें दिली आहे.

हें संकट केवळ नव्या यंत्रयुगाचें आहे, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत दिसते. आमच्या मतें त्याची मुळें फार जुनीं आहेत. 'मी तोच' हें दाखविण्याचे मार्ग मुळांत तीनच: जवळ बाळगलेली वस्तु, मनांत ठेवलेली खूण, आणि अंगावरची ओळख. आमच्या पूर्वजांनीं हे तिन्ही मार्ग वापरले होते, आणि कोणताहि एक पुरेसा नाहीं हें ते अनुभवानें शिकले होते.

मराठेशाहीच्या कागदपत्रांशीं ज्यांचा थोडाहि परिचय आहे, त्यांस मुद्रेचें महत्त्व सांगावयास नको. राजपत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा, आणि मजकूर संपतो तेथें मोर्तब. हें मोर्तब शोभेसाठीं नव्हतें. पत्र येथें संपलें, यापुढें कोणीं एक ओळ वाढविली तर ती खोटी, असा त्याचा अर्थ. कागदास कागद चिकटवून पत्र लांब केलें असल्यास सांध्यावरहि शिक्का उठवीत, म्हणजे मधला तुकडा कोणास बदलतां येऊं नये.

सावकारी पेढ्या याच्याहि पुढें गेल्या होत्या. हुंडीची रक्कम आंकड्यांत व अक्षरीं लिहून शिवाय 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर' अशी फोडून लिहीत. खाडाखोड करणारास ती सर्वत्र करावी लागे. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातीं पडत नसत; बाजारांत पत असलेल्या शहामार्फतच ती वटे. हुंडी घेऊन माणूस निघाला कीं निराळ्या वाटेनें पेढीचें सूचनापत्र समोरच्या पेढीकडे जाई, आणि दोहोंचा मेळ पाहून पैसे देत. आज खात्यांत शिरतांना परवलीचा शब्द एकीकडून आणि सहा आंकडी संख्या दुसरीकडून मागतात, ती या सूचनापत्राची पणती म्हणावयास हरकत नाहीं.

किल्ल्यांच्या व्यवस्थेंतहि हेंच तत्त्व होतें. कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरींत सांगतो कीं, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी ठेवीत, आणि तिघांनीं मिळून कारभार करावा अशी आज्ञा असे. एकट्या माणसाच्या फितुरीनें किल्ला जाऊं नये, हा त्यांतला हेतु. शंकेखोरपणा हा तेथें दुर्गुण मानला जात नव्हता.

तरीहि फसगत होतच असे. सदाशिवरावभाऊ १७६१ सालीं पानिपतावर पडले. पण पुढें बुंदेलखंडाकडील एक कनोजी ब्राह्मण 'भाऊसाहेब तो मीच' म्हणून पुढें आला. त्याला धरून कैदेंत टाकलें; मात्र १७७६ सालीं रत्नागिरीच्या अंमलदारानेंच त्याचा पक्ष घेतला, आणि कोंकणांतील कित्येक किल्ल्यांनीं त्याच्यापुढें दरवाजे उघडले. शेवटीं तो आंग्र्यांच्या हातीं लागला, पुण्यास आणिला गेला, व त्याच सालीं त्याला देहान्त शिक्षा झाली. लोक इतके कसे फसले? आमच्या मतें याचें उत्तर तोतयाच्या चातुर्यांत थोडें, आणि लोकांच्या मनःस्थितींत फार आहे. भाऊ परत यावेत असें पुष्कळांस मनापासून वाटत होतें. जें खरें व्हावें असें वाटतें त्याची परीक्षा मनुष्य सैलपणें करतो. भीतीचाहि परिणाम तोच. 'चोवीस तासांत खातें बंद' हे शब्द आमच्या स्नेह्यांच्या विवेकावर पडदा टाकण्यासाठींच लिहिलेले होते.

येथवरच्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. दरवाजा येणाराची परीक्षा करी. येणारानें दरवाजाची परीक्षा करण्याचें कारण नसे. पन्हाळ्याचा तीन दरवाजा दुसऱ्या डोंगरावर हुबेहूब बांधून कोणास दाखवितां येत नव्हता. आज तें घटकाभरांत होतें. पूर्वीं माणसाचा तोतया निघे, आतां दरवाजाचाच तोतया निघतो, आणि आपण त्याच्या कानांत परवली सांगून मोकळे होतों. ती परवली घेऊन तो त्याच क्षणीं खऱ्या दरवाजावर जातो. सहा आंकडी संख्येचें आयुष्य बहुधा तीस सेकंदांचें; पण चोरट्यांच्या यंत्रास तेवढें पुरतें.

कोल्हापूरकरांस याची झळ पूर्वींच लागलेली आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. तेथें चोरट्यांनीं बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजीं आपली बनावट यंत्रणा उत्तर द्यावयास बसविली. नकली कार्ड घेऊन एटीएमपुढें उभ्या राहिलेल्यास ती 'पैसे द्या' असेंच सांगे. २८ देशांतून पैसे काढले गेले, आणि आपल्या देशांतील ज्या शहरांतून काढले गेले त्यांत कोल्हापूरहि होतें. १३ ऑगस्टला हाँगकाँगकडे वळविलेली रक्कम धरून एकूण नुकसान सुमारें ९४ कोटींचें झालें. पुण्याच्या न्यायालयानें २०२३ सालीं ११ जणांस दोषी ठरविलें.

याहून बोधप्रद उदाहरण वझीरएक्स या आभासी चलनांच्या भारतीय बाजारपेढीचें आहे. तिच्या एका तिजोरीस सभासदाच्या गडासारखीच व्यवस्था होती: सहा सह्या करणारे, आणि त्यांपैकीं चौघांची संमति मिळाल्यावांचून पैसा हलावयाचा नाहीं. तरीहि १८ जुलै २०२४ रोजीं सुमारें २३ कोटी डॉलरांचें धन नाहींसें झालें. कंपनीचें म्हणणें असें कीं, पडद्यावर दिसणारा मजकूर एक होता आणि प्रत्यक्ष सही झाली तो दुसराच होता. मोर्तब खरें, मजकूर खोटा! ग्राहकांस व्यवहार पुन्हां सुरू होण्याची वाट वर्षाहून अधिक काळ पाहावी लागली.

बँकेंतील ठेव आणि हें धन यांत मोठा भेद आहे. २००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉइनच्या वहींत खातेदाराचें नांव नसतें. जो किल्ली लावील तोच धनी. एकदां उमटलेली नोंद कोणी हाकिम फिरवूं शकत नाहीं. आपल्या सरकारनें २०२२ पासून अशा धनाच्या नफ्यावर शेंकडा ३० कर बसविला, आणि मार्च २०२३ पासून या बाजारपेढ्यांस काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखालीं आणिलें. पण कर देण्यानें चोरीस गेलेलें धन परत मिळतें असें नाहीं. म्हणून ज्यांस या वाटेनें जावयाचेंच आहे, त्यांनीं जाणें योग्य कीं अयोग्य हा वाद बाजूस ठेवून निदान दरवाजा ओळखावयास शिकावें.

तें फार कठीण नाहीं. निरोपांतील दुव्यावर किंवा जाहिरातीवर बोट न ठेवतां पेढीचा पत्ता प्रथम खात्री करून जपून ठेवावा, आणि नेहमीं त्याच वाटेनें जावें. पानाच्या रंगरूपाकडे न पाहतां माथ्यावरच्या पत्त्याचें अक्षर न् अक्षर वाचावें. परवलीचा शब्द लांब असावा, व तो दुसऱ्या कोणत्याहि खात्यास नसावा. सिम कार्ड चोरट्यास आपल्या नांवानें नवें काढून घेतां येतें. यासाठीं संदेशांतून येणाऱ्या संख्येपेक्षां मोबाइलमध्येंच तयार होणारी संख्या बरी. सर्वांत बरी पासकी, कारण ती ज्या पत्त्यासाठीं घडविली त्यालाच उत्तर देते. रंगरूपास ती भुलत नाहीं. जोहाराच्या लोकांजवळ अशी वस्तु असती तर पालखी त्या रात्रींच ओळखली गेली असती. धन कोणत्या पत्त्यावर पाठवितां येईल हेंहि आधीं ठरवून ठेवण्याची सोय पुष्कळ पेढ्यांत असते, ती अवश्य घ्यावी. खातें पुन्हां उघडण्याच्या खुणा कागदावर लिहून कडीकुलपांत ठेवाव्या. पेढीचा माणूस म्हणविणारा कोणीहि फोनवर परवली विचारील, तर तो तोतया समजावा. आणि फसगत झालीच, तर लाजत न बसतां पेढीस कळवावें व १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या कांहीं घटकांचें मोल पुढच्या महिन्यांस येत नाहीं.

या शेवटल्या गोष्टीवर आम्हांस अधिक भर द्यावासा वाटतो. आमच्या स्नेह्यांनीं तक्रार केली ती चौथ्या दिवशीं. मधले तीन दिवस त्यांनीं लाजेत घालविले. ज्या तोतयानें कोंकणांतले किल्ले उघडविले, त्याच्यापुढें चांगले जाणते किल्लेदार फसले. तेव्हां एका सज्जन मास्तरांनीं स्वतःस मूर्ख ठरविण्याचें कारण नाहीं. हें आम्हीं त्यांस बोलून दाखविलें. गेल्या आठवड्यांत त्यांनीं घरीं सर्व सांगितलें. बाई रागावल्या नाहींत, त्यांनीं इतकेंच विचारलें, "मग आम्हांलाहि तें खरें पान कसें ओळखावें तें दाखवाल का?" त्या रात्रीं घरांतील चौघेजण मोबाइल पुढें घेऊन बसले होते.