तळटीप : प्रत्याहार आणि यण्-संधी
पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’तली सुमारे ४,००० सूत्रे इतकी आटोपशीर झाली, त्यात प्रत्याहारांचा वाटा फार मोठा. १४ माहेश्वर सूत्रांत वर्णांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. एखादा वर्ण घेऊन त्याला पुढे एखाद्या सूत्राच्या शेवटी असलेली खूण जोडली की मधला सगळा गट हाती येतो; हाच प्रत्याहार. ‘अच्’ म्हणजे सर्व स्वर, ‘इक्’ म्हणजे इ, उ, ऋ, लृ आणि ‘यण्’ म्हणजे य, व, र, ल.

पुढे अच् असेल तर इक्‌च्या जागी यण् येतो, ही यण्-संधी; तिचे सूत्र ‘इको यणचि’ (६.१.७७) अवघ्या तीन पदांचे. बदलणाऱ्या वर्णाला षष्ठी, त्याच्या जागी येणाऱ्याला प्रथमा, पुढे असणाऱ्याला सप्तमी. क्रियापदाची गरजच उरत नाही! अति + अंत = अत्यंत, सु + आगत = स्वागत. (पुढे सवर्ण स्वर आला तर मात्र दीर्घ : कवि + इंद्र = कवींद्र.)

खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांनी वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे ‘अष्टाध्यायी’वरील पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर अवश्य वाचावे.