रबरी बोटीला चाके निवडताना

बुलडाणा (प्रतिनिधी) : पूर आला की बचाव पथकाची पहिली लढाई पाण्याशी नसते, चिखलाशी असते. वाहन जिथे थांबते तिथून पाण्यापर्यंत बोट कशी न्यायची, हा प्रश्न आधी सुटावा लागतो. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांना पुराचा मोठा तडाखा बसला. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे, तर राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ असते. त्या पोहोचेपर्यंत जवळची बोट महत्त्वाची ठरते. मोताळा तालुक्यात रोहिणखेड, नळगंगा जलाशय अशा भागांत वापरायच्या छोट्या रबरी बोटीला योग्य चाके असतील, तर दोन माणसेही ती पाण्यात उतरवू शकतात.

भार किती?

सुमारे सव्वातीन मीटर लांबीच्या बोटीचे वजन ६० किलो, इंजिन ४० किलो, इंधनाची टाकी २० किलो व इतर साहित्य २० किलो धरले, तर एकूण भार १४० किलो होतो. चाके मागील फळीला बसवली की इंजिनाचे वजन थेट त्यांच्यावर येते. टाकी मागे सरकवून ठेवल्यास पुढचे टोक उचलणाऱ्यांच्या वाट्याला साधारण ३० ते ३५ किलोच उरतात. उरलेला भार दोन चाकांत विभागला जातो. म्हणजे प्रत्येकी पन्नास किलोंहून थोडा अधिक. खड्ड्यात आदळताना तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून जोडीची क्षमता एकूण भारापेक्षा बरीच जास्त असावी.

चाक कोणते?

पक्क्या उतारावर लहान, भरीव चाक चालते. काळ्या मातीच्या प्रदेशात मात्र उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की चिकट गाळाचा पट्टा उघडा पडतो. तिथे अरुंद चाक रुतते. मोठ्या व्यासाचे, रुंद आणि कमी हवेचे चाक भार पसरवते व वर राहते. हवेच्या चाकाला बाभळीच्या काट्याचे भय असते. त्यामुळे हातपंप व पंक्चरचे साहित्य सोबत ठेवावे किंवा फोम भरलेले चाक घ्यावे. ते जड असते, पण ऐनवेळी दगा देत नाही.

घडीची चाके की गाडा?

फळीला कायम जोडलेली घडीची चाके पाण्यात गेल्यावर वर उचलून खिळीने अडकवता येतात. सुटा गाडा लांब अंतरासाठी सोयीचा असतो. पण तो काठावरच राहतो. पुरात बोट भलत्याच ठिकाणी किनाऱ्याला लागते, तिथे त्याचा उपयोग नसतो. बचावासाठी घडीची चाकेच बरी. ज्या बोटीला भक्कम लाकडी फळी नाही, तिला मात्र गाडाच लागतो.

जोडणी

चाके खाली असताना रबरी नळ्यांची मागील टोके जमिनीपासून वर राहावीत व इंजिन तिरपे उचललेले असावे. वर घेतल्यावर चाके पाण्याला लागू नयेत, तसेच इंजिन वळण्यास अडथळा होऊ नये. बोल्ट आरपार घालून मोठे वॉशर लावावेत आणि छिद्रे जलरोधक लांबीने बंद करावीत. नाहीतर फळीत पाणी मुरून ती कुजते. गोड्या पाण्यासाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील पुरते, कोकणच्या खाऱ्या पाण्यासाठी ३१६ घ्यावे. खिळी दोरीने बांधलेली असावी, कारण चिखलात पडलेली खिळी अंधारात सापडत नाही.

ही चाके हाताने ओढण्यासाठी असतात. वाहनामागे बांधून रस्त्यावर बोट नेण्यासाठी ती वापरू नयेत. वापरानंतर गाळ धुवावा, सांध्यांना वंगण द्यावे. पावसाळ्यापूर्वी एकदा पूर्ण भारासह बोट प्रत्यक्ष काठावर ओढून पाहावी. निवड बरोबर आहे की नाही, हे तेव्हाच कळते.