चंग्येचन: परत आलं ते काय?

मागच्या खेपेस आपण ‘मूळ’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द घेऊन सोल शहरात जाऊ, चंग्येचनच्या काठी. ओढाच म्हणू या त्याला. पावसाळ्यात फुगणारा, एरवी जेमतेम वाहणारा. पुणेकरांनी आंबिल ओढा आठवावा.

१४१० मध्ये राजा थेजोंगने त्यावर ग्वांगथोंग हा दगडी पूल बांधवला. दगड आणले कुठून? सावत्र आईच्या थडग्यावरून! (गादीच्या वारशाचं भांडण, दुसरं काय.) काही कोरीव दगड उलटे बसलेत, ते आजही दिसतात. शहराची घाण तर ओढ्यात जायचीच. १७६० मध्ये राजा योंगजोला गाळ उपसायचं मोठं काम काढावं लागलं.

कोरियन युद्धानंतर काठावर निर्वासितांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, ओढ्याचं गटार झालं. १९५८ पासून त्यावर काँक्रीट पडू लागलं, पुढे त्याच्यावरून उन्नत रस्ता गेला. हे करणाऱ्यांना आज आपण सहज नावं ठेवतो. पण दुर्गंधी झाकली गेली, वर रस्ता मिळाला. त्या पिढीला यात सुधारणाच दिसली, हे विसरून चालणार नाही.

२००३ मध्ये महापौर ली म्युंग-बाक यांनी तो रस्ता पाडायला घेतला. २००५ च्या ऑक्टोबरात सुमारे ५.८ किलोमीटर ओढा उघडा झाला, जगभर कौतुक झालं. आता आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा खोडसाळ प्रश्न: परत आलं ते नेमकं काय? वरचे ओहोळ बहुतेक अजून जमिनीखालीच. पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने चढवलेलं. पूलसुद्धा मूळ जागेपासून थोडा सरकवलेला. आणि तिथले फेरीवाले? त्यांतल्या बऱ्याच जणांना एका जुन्या स्टेडियममध्ये बसवलं. काही वर्षांत ते स्टेडियमही पाडलं, की पुन्हा बिऱ्हाड पाठीवर.

झुरिकने १९८८ मध्ये वेगळी वाट धरली. डोंगरउतारावरचं स्वच्छ पाणी गटारात मिसळून शुद्धीकरण केंद्रावर उगाच भार टाकत होतं. ते वेगळं काढून वस्त्यांमधून उघडं वाहू दिलं. जुनं रूप जसंच्या तसं आणण्याचा तिथे हट्ट नव्हता, पण पाणी त्याच डोंगराचं. आम्हाला तरी हे ‘मूळ’च्या अधिक जवळचं वाटतं.

सोलमध्ये जोराची सर आली, की चंग्येचनचे काठ बंद करतात. पाणी झपाट्याने चढतं, तुंबलेल्या गटारांचं पाणीही त्यात उतरतं, आणि फिरायला आलेल्यांना पायऱ्या चढून वर रस्त्यावर यावं लागतं.