गरम गाडी, थंड फडकं

तळवड्यात आयटी पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी दोन-तीन ट्रक कायम उभे दिसतात. ड्रायव्हर खाली उतरून चहा घेतात आणि इंजिन चालूच असतं. माझं ऑफिस जवळच आहे. एसीत बसून इंजिनाच्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून गाड्यांमधलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. त्याच तोऱ्यात एकदा मामांना म्हटलं, "मामा, चहा पिताना तरी बंद करा की. डिझेल फुकट जातंय."

"बंद केली तर चाकणला माल तू डोक्यावर नेणार का?" मामा म्हणाले.

मामांचा ट्रक दोन हात फिरून आलेला. सकाळी पहिल्या सेल्फला उठायचा, पण तासभर पळून बंद केला की दहा-पंधरा मिनिटांनी चालूच व्हायचा नाही. त्यात माल उशिरा पोचला की खेपेचे पैसे कापले जायचे. बॅटरी बदलून झाली, सेल्फची मोटर खोलून झाली, फिल्टर झाले. बारा हजारांवर खर्च, आणि गाडी तशीच.

हे पुस्तकाच्या उलट आहे. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापानं डिझेल पेटतं. म्हणजे गार इंजिनानं त्रास द्यावा, गरम इंजिनानं नाही.

चिखलीच्या मिस्त्रींनी फारसं विचारलं नाही. गाडी तापवून बंद करायला लावली, पंधरा मिनिटं थांबले, मग सेल्फ मारायला सांगून स्वतः सायलेन्सरपाशी उभे राहिले. सेल्फ जोरात फिरत होता, धूर मात्र नव्हता. डिझेल जाऊन पेटत नसतं तर पांढुरका धूर आला असता. इथे डिझेल पोचतच नव्हतं. त्यांनी ओलं फडकं पिळून डिझेल पंपावर गुंडाळलं. थेट पाणी ओतत नाहीत, आतला रोटर जाम होऊ शकतो. आमचा चहा झाला, फडकं दोनदा बदललं, आणि दुसऱ्या सेल्फला गाडी उठली. "हेड-रोटर घासलाय," एवढंच ते बोलले.

त्या फडक्याचा अर्थ मला रात्री वाचत बसल्यावर लागला.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला नीट चाललं, पण ते ट्रकमध्ये बसण्यासारखं नव्हतं. इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागायची आणि त्यासाठी भलामोठा कॉम्प्रेसर. डिझेल रस्त्यावर यायला छोटा, नेमका पंप हवा होता. तो रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७पासून नियमित बाहेर पडू लागला. गंमत म्हणजे बॉशचं नाव झालं होतं ते ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमुळे.

त्या पंपाचं सगळं मर्म एका फटीत आहे. दांडा आणि त्याचं नळकांडं यांत दोन-तीन मायक्रॉन अंतर. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. रबरी सील वगैरे काही नाही, डिझेलचा दाटपणा हेच सील. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. त्यात डिझेल चाळीस अंशांवरून ऐंशीवर गेलं की दाटपणा जवळपास निम्मा होतो. मामांच्या गाडीत रोटरी पंप होता. सगळ्या सिलिंडरांना पुरवणारा एकच रोटर, त्याला वंगणही डिझेलचंच. डिझेलमध्ये धूळ-पाणी आलं की घासलाच.

इंजिन पळताना हे लपून राहतं. वेग जास्त असल्यामुळे डिझेलला गळायला वेळच मिळत नाही, आणि वाहतं डिझेल पंपाला गारही ठेवतं. गाडी बंद केली की वाहणं थांबतं आणि इंजिनाची धग पंपात चढते. दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे नेमका चहाचा वेळ. मग सेल्फच्या मंद फिरण्यात पातळ डिझेल फटीतून निसटतं. मामा इंजिन चालू ठेवत होते ते बरोबरच होतं. मी लेक्चर दिलं होतं ते चुकीच्या माणसाला.

ही फट आपल्याकडे आली ती १९५०च्या दशकात. १९५१ साली बॉशच्या भागीदारीतली मायको बंगळूरला सुरू झाली, १९५४ साली टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. करार १९६९ला संपला तरी 'टाटा-बेंझ' हे नाव जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी राहिलंच. एमआयडीसी १९६२ची. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोला पिंपरी-चिंचवडला आणलं, तेव्हा इथे आधी ट्रक नव्हे, ट्रक बनवायची यंत्रं आणि डाय तयार होऊ लागल्या. पुण्याचा ट्रक १९७७चा, ४०७ १९८६ची. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. या पट्ट्यातल्या शेडमध्ये मायक्रॉन हा शब्द ट्रकच्या आधी पोचला. ज्या रस्त्यावर माझं ऑफिस आहे, त्याच्या आजूबाजूला आजही पत्र्याखाली कुणीतरी मायक्रोमीटर डोळ्याशी धरून बसलेलं असतं.

आता कॉमन रेल. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. रेलमधला दाब ठरावीक मर्यादेवर, साधारण दोनशे बारच्या पुढे गेल्याशिवाय कंट्रोलर इंजेक्टर उघडूच देत नाही. अशा अटी मी रोज लिहितो. इंजेक्टर आतून घासला की गरम, पातळ डिझेल परतीच्या नळीतून निघून जातं, दाब मर्यादेच्या खालीच अडकतो, आणि गाडी उठत नाही. लॅपटॉपवर दाबाचा आकडा दिसतो, पण गळतोय कोणता इंजेक्टर हे त्यातून कळत नाही. ते शोधायला मिस्त्री प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली बांधतात आणि कोणती आधी भरते ते बघतात. आमच्या टीमच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा दोघं हसले. एकानं वहीत लिहून घेतलं.

मामांच्या पंपाचं हेड-रोटर बदलून, कॅलिब्रेशन करून आणलं. त्यानंतर पहिल्यांदाच ते टपरीशी आले, किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. चहा मात्र त्यांनी केबिनमध्येच मागवला. ग्लास अर्धा झाल्यावर त्यांनी सेल्फ मारला, गाडी लगेच उठली, आणि त्यांनी ती पुन्हा बंद केली.