जोडतारे आणि पुण्याचा एक वेधकर्ता

लग्नविधि आटोपल्यावर रात्रीं वधूवरांना अंगणांत आणून उत्तरेकडील सप्तर्षींत अरुंधती दाखवावयाची, ही चाल फार जुनी आहे. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाकडून मोजूं लागल्यास दुसरा ठळक तारा लागतो तो वसिष्ठ, आणि त्याला बिलगून असलेली बारीक चांदणी ती अरुंधती. दोघांमधील अंतर सुमारें १२ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरी बऱ्या दृष्टीच्या माणसाला तीं दोघें वेगळीं दिसतात. परंतु वसिष्ठ हा स्वतःही एकटा नाहीं, ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना कधींच कळली नसती. दोन इंची लहानशा दुर्बिणींतून पाहिलें असतां त्याच्या जागीं १४ विकलांच्या अंतरावर दोन शुभ्र तारे दिसतात. अशा ताऱ्यांना जोडतारे म्हणतात.

दुर्बीण नवी असतांनाच, म्हणजे १६१७ सालीं, कॅस्टेली नांवाच्या इटालियन गणित्यानें वसिष्ठाचें हें रूप पाहिलें व आपले गुरु गॅलिलिओ यांनाही तो तारा पाहण्याची विनंती केली. पण त्या काळीं जोडताऱ्यांकडे पाहण्याची दृष्टि निराळी होती. माळावर एक दिवा जवळ व दुसरा कोसभर दूर असला, आणि दोन्ही एकाच रोखांत आले, तर रात्रीं ते शेजारीं ठेविल्यासारखे वाटतात. तसेंच हे तारे असावेत असा समज होता. गॅलिलिओनें यांतून एक युक्ति सुचविली. पृथ्वी वर्षभर सूर्याभोंवतीं फिरत असल्यामुळें जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या मानानें किंचित् सरकलेला दिसला पाहिजे, आणि तें सरकणें मोजतां आलें तर ताऱ्याचें अंतर काढतां येईल. अशा रीतीनें जोडतारे हें ताऱ्यांची अंतरें मोजण्याचें एक साधन ठरलें. त्या ताऱ्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, हा विचार तेव्हां मागेंच राहिला.

या शोधांच्या इतिहासांत भारतभूमीचें नांव लवकरच येतें. १६८९ च्या डिसेंबरांत पाँडिचेरी येथें रिशो नांवाचे फ्रेंच जेसुइट पाद्री धूमकेतु पाहत होते. तेव्हां दक्षिणेकडील मित्र हा तेजस्वी तारा दुहेरी असल्याचें त्यांना आढळलें. पुढें हाच तारा सूर्याच्या अगदीं नजीकच्या शेजाऱ्यांपैकीं असल्याचें ठरलें; त्याच्या दोन ताऱ्यांची एकमेकांभोंवतीं एक प्रदक्षिणा सुमारें ८० वर्षांत पुरी होते.

१७६७ सालीं जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्यानें संभवाच्या गणितानें दाखविलें कीं, आकाशांत तारे वाटेल तसे विखुरलेले असते, तर इतक्या जोड्या दृष्टीस पडल्याच नसत्या. यांतील बहुतेक तारे खरोखरच एकत्र बांधलेले असले पाहिजेत. गणितानें संशय निर्माण केला. पुरावा मिळण्यास आणखी छत्तीस वर्षें लागलीं. तो पुरावा आणणारा मनुष्य पेशानें संगीतकार होता. इंग्लंडांतील बाथ गांवीं गाण्यावाजविण्यावर चरितार्थ चालवून रात्रीं स्वतः घांसलेल्या आरशांच्या दुर्बिणी आकाशाकडे लावणाऱ्या विल्यम हर्शलनें १७७९ पासून जोडताऱ्यांचा शोध सुरू केला, आणि १७८२ मध्यें २६९ जोड्यांची यादी प्रसिद्ध केली. हेतु गॅलिलिओचाच, म्हणजे अंतरें काढण्याचा. पण पंचवीस वर्षांनीं तेच तारे पुन्हां मोजले, तेव्हां पृथ्वीच्या फिरण्यानें पडावयाचा वार्षिक फरक त्याला सांपडला नाहीं; सांपडलें तें भलतेंच. पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपैकीं एक, ज्याला युरोपांत कॅस्टर म्हणतात, त्याचे दोन घटक एकमेकांभोंवतीं फिरत होते! १८०३ सालीं हर्शलनें हें जाहीर केलें. पुढें पंचवीसेक वर्षांत साव्हारी या फ्रेंच गणित्यानें सप्तर्षि पुंजांतील एका जोडीची कक्षा काढली. तिचा प्रदक्षिणाकाल सुमारें ६० वर्षांचा आला. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम तोंवर केवळ सूर्यकुटुंबांत सिद्ध झालेला होता. जें सफरचंदाला तेंच दूरच्या ताऱ्यांनाही लागू आहे, याची साक्ष जोडताऱ्यांनीं दिली.

या शास्त्राचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्याला राजाश्रयापेक्षां चिकाटीची गरज अधिक. दुर्बिणीच्या नेत्रभिंगाशीं कोळ्याच्या जाळ्याचे बारीक तंतु बसविलेलें मापक लावावयाचें, आणि दोन संख्या घ्यावयाच्या: दोन ताऱ्यांमधील अंतर किती विकला, आणि एकापासून दुसरा कोणत्या दिशेस. एवढेंच काम, पण तें वर्षानुवर्षें करावयाचें. कॅस्टरच्या एका फेऱ्यास सुमारें ४५० वर्षें लागतात. तो फेरा आरंभापासून अखेरपर्यंत पाहणें कोणाच्याही नशिबीं नाहीं. प्रत्येक वेधकर्त्यानें मागच्यांच्या संख्या घ्यावयाच्या, त्यांत आपली भर घालावयाची आणि पुढच्यांच्या हवालीं करावयाच्या, अशी ही परंपरा आहे.

त्या परंपरेंत पुण्याचेंही एक नांव आहे. विल्यम स्टीफन जेकब हे १८१३ सालीं इंग्लंडांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मले, आणि १८३१ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनियर दलांत दाखल होऊन या देशांत आले. जमिनीची मोजणी हें त्यांचें पोटाचें काम. १८४२ सालीं त्यांनीं पुण्यांत स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली. तींत डॉलंडच्या कारखान्याची पांच फूट लांबीची दुर्बीण होती. पेशवाई बुडून तेव्हां चोवीस वर्षें झालीं होतीं. शहरांत ना वीज, ना आकाश फिकें करणारे रस्त्यावरचे दिवे. पुढें कॅप्टनच्या हुद्द्यावर असतां जेकबांनीं नोकरी सोडली व सर्व लक्ष ज्योतिषाकडे वळविलें. १८४८ मध्यें पुण्याहून वेध घेतलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्यांनीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. इंग्लंडांतून क्षितिजाखालीं राहणारे किंवा धुक्यांत बुडून जाणारे दक्षिणेकडील कितीतरी तारे पुण्याच्या आकाशांत वर येतात; या वेधांचें महत्त्व त्यामुळें विशेष होतें.

त्यांतला एक तारा आजही लहान दुर्बिणींतून पाहण्याजोगा आहे. वैशाख-ज्येष्ठांतल्या रात्रीं वृश्चिकाची लाल ज्येष्ठा ओळखणें सोपें. तिच्या पश्चिमेस अनुराधेचे तारे उभ्या ओळींत दिसतात. त्यांतला उत्तर टोकाचा तारा स्वतःच एक सुरेख जोडी आहे. त्याच्या पूर्वेस सुमारें दीड अंशावर चौथ्या प्रतीचा एक तारा आहे. युरोपीय पद्धतीनें त्याला न्यू स्कॉर्पी म्हणतात. लहान दुर्बीण त्याचे ४१ विकलांच्या अंतरावर दोन तारे करून दाखविते. १८४७ सालीं जेकबांना दिसून आलें कीं, यांतला मंद तारा हाही एकटा नसून दोन ताऱ्यांचा आहे. त्यांच्यामधील अंतर अवघें दोन-अडीच विकला. पुढें शिकागोच्या न्यायालयांत लघुलेखकाचें काम करणाऱ्या बर्नहॅम या हौशी ज्योतिषानें आपल्या सहा इंची दुर्बिणीनें तेजस्वी ताऱ्याचेही दोन भाग करून दाखविले. आतां या एका ठिपक्यांत निदान सात तारे आहेत असें ठरलें आहे.

१८४८ च्या डिसेंबरांत जेकब मद्रासच्या सरकारी वेधशाळेचे संचालक झाले. तेथें त्यांनीं २५० जोडताऱ्यांचीं ९९८ मापनें केलीं. पण प्रकृति ढासळत गेली, आणि वारंवार रजा घेऊन मायदेशीं जावें लागलें. याच काळांत त्यांच्या हातून एक चूक झाली. ती चूक त्यांच्या यशाइतकीच सांगण्यासारखी आहे.

१८४४ सालीं जर्मन ज्योतिषी बेसेल यांनीं असें अनुमान काढलें होतें कीं, व्याधाचा तारा सरळ रेषेंत न सरकतां किंचित् डुलत जातो, त्या अर्थीं त्याच्याजवळ न दिसणारा एखादा सोबती असला पाहिजे. भुजंगधारी पुंजांत ७० क्रमांकाची एक नारिंगी जोडी आहे. हर्शलनें ती १७७९ मध्यें शोधली. गणितानें काढलेल्या जागा आणि वेधानें मिळालेल्या जागा या जोडीच्या बाबतींत नीट जमत नव्हत्या. १८५५ मध्यें जेकबांनीं प्रतिपादन केलें कीं, या जोडींत एखादा न दिसणारा ग्रह असणें फार संभवनीय आहे. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याजवळ ग्रह असल्याचा, वेधांच्या आधारावर केलेला हा अगदीं आरंभींचा दावा होय. विचाराची दिशा बेसेलचीच, युक्तिवादही निर्दोष. पण ज्या फरकावर सारें उभें होतें तो फरक विकलेच्या अंशाइतका बारीक होता. १८९९ मध्यें मोल्टन या अमेरिकन गणित्यानें दाखविलें कीं, या जोडींत कल्पिलेला तसला सोबती स्थिर राहूंच शकत नाहीं. आणि आजवर तेथें ग्रह सांपडलेला नाहीं. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं ग्रह असल्याची निश्चिति व्हावयास १९९५ साल उजाडलें. ती झाली ताऱ्याच्या प्रकाशाच्या पृथक्करणानें. आणि याच मार्गानें १८८९ सालीं पिकरिंगनें वसिष्ठाचा मुख्य तारासुद्धां दोन ताऱ्यांचा असल्याचें जाहीर केलें होतें.

मद्रासची जागा सोडल्यावर जेकबांच्या मनानें पुन्हां पुण्याचीच ओढ घेतली. मैदानावरची जाड, थरथरती हवा ताऱ्यांचीं बिंबें हालविते. उंच डोंगरावर ती विरळ व शांत असते. म्हणून पुण्याच्या बाजूस समुद्रसपाटीपासून सुमारें ५००० फूट उंचीवर वेधशाळा उभारावी, ही त्यांची योजना. ब्रिटिश पार्लमेंटनें १८६२ मध्यें तिच्यासाठीं एक हजार पौंड मंजूर केले. तेथें तीन वर्षें काम करण्याचें जेकबांनीं कबूल केलें, आणि नऊ इंची भिंगाची फ्रेंच दुर्बीण स्वतःच्या पैशानें विकत घेतली. ८ ऑगस्ट १८६२ रोजीं ते मुंबईस उतरले. भर पावसाळा होता. पुण्यास पोहोंचल्यावर १६ ऑगस्ट रोजीं, पन्नाशीही गांठली नसतां, त्यांचा अंत झाला. मुंबईच्या धक्क्यापासून मृत्यूपर्यंत अवघे आठ दिवस! मागें पत्नी व आठ मुलें राहिलीं. डोंगरावरची वेधशाळा कागदावरच राहिली. पर्वतशिखरावरची पहिली कायमची मोठी वेधशाळा पुढें सव्वीस वर्षांनीं, १८८८ मध्यें, अमेरिकेंत लिक या नांवानें सुरू झाली. दैवाचा योग असा कीं, ज्या १८६२ सालीं जेकब गेले, त्याच सालच्या जानेवारींत व्याधाचा तो न दिसणारा सोबती अमेरिकेंत क्लार्क या भिंगकाराला प्रत्यक्ष दिसला होता. एकाच तऱ्हेचें अनुमान. बेसेलचें खरें ठरलें, जेकबांचें ठरलें नाहीं.

मग जेकबांच्या हातीं काय उरलें? उरल्या त्या संख्या. अनुमान चुकलें तरी प्रामाणिकपणें घेतलेला वेध खोटा होत नाहीं. भुजंगधारींतील ती जोडी ८८ वर्षांत एक प्रदक्षिणा करिते. हर्शलच्या पहिल्या वेधापासून तिचे दोन फेरे पुरे झाले असून तिसरा चालू आहे, आणि तिची कक्षा ठरवितांना शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचे वेध आजही हिशेबांत घ्यावेच लागतात. कारण गेलेल्या काळाचा वेध आज कितीही मोठ्या दुर्बिणीनें घेतां येत नाहीं.

पुण्याचा आकाशाशीं संबंध मात्र तुटला नाहीं. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून प्रा. कावसजी नायगमवाला यांनीं तेथें वेधशाळा चालविली; १९१२ मध्यें ती बंद झाल्यावर तिचीं उपकरणें कोडाईकनालला गेलीं. १९४४ सालीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन होऊन हौशी निरीक्षकांना घर मिळालें.

हौशी माणसाला या परंपरेंत शिरावयास फार मोठें भांडवल लागत नाहीं. डॉज या इंग्रज वेधकर्त्यानें घालून दिलेला नियम सोपा आहे: ४·५६ या संख्येस भिंगाच्या व्यासाच्या इंचांनीं भागावें, जितक्या विकला येतील तितक्या अंतरावरची जोडी ती दुर्बीण वेगळी करून दाखविते. तीन इंची दुर्बिणीस दीड विकला पुरे. प्रथम वसिष्ठ पाहावा. मग हंसाच्या चोचींतली, ३४ विकला अंतराची सोनेरी व निळी जोडी पाहावी. ती खरोखरीची जोडी आहे कीं मिचेलपूर्वींच्या समजाप्रमाणें नुसता रोखाचा योग, याचा निर्णय अजून झालेला नाहीं. मग कॅस्टर, मग वृश्चिकांतली जेकबांची तारकात्रयी. शेवटीं भुजंगधारींतली ती नारिंगी जोडी पाहावी. आणि दोन ताऱ्यांची दिशा व अंतर यांचें टिपण तारीख घालून वहींत करून ठेवावें. पुढच्या फेऱ्याच्या वेळीं तें कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.