बेने इस्राएल : ईश्वरी करार व धर्मनियम

प्राचीन इस्राएली धर्मात ईश्वर आणि इस्राएल लोक यांचे नाते कराराचे मानलेले असून, अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण म्हणजे मुलाची आठव्या दिवशी होणारी सुंता, तर सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा हा या नात्याचा नैतिक गाभा होय. रायगड किनाऱ्यावरील बेने इस्राएल या ज्यू समाजाने हा करार दीर्घकाळ हिब्रू ग्रंथांवाचून, निव्वळ आचारातून जपला, ही धर्मेतिहासातील असामान्य गोष्ट आहे. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटल्याने अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला लागले. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या विश्रांतिदिनी, घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथची आज्ञा चाकर व जनावरांनाही विसावा देते, त्यामुळे घाण्याचा बैलही तिच्या कक्षेत येतो. खवले व पर असलेलेच मासे खाणे आणि ईश्वराचे एकत्व सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना सर्व विधींत म्हणणे, हे त्यांचे आणखी दोन नियम. बाहेरून आलेल्या दाविद राहाबी या ज्यू गृहस्थांनी याच खुणांवरून त्यांना ज्यू म्हणून ओळखले, अशी आख्यायिका आहे. नवस फेडताना ते एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचे ते ताट पूर्णतः कोकणी आहे. 1796 मध्ये याच समाजातील सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारल्यावर या आचाराला ग्रंथपठणाची जोड मिळत गेली.