बुडबुड्याला कामाला लावताना

चुलीवर आधण ठेवले की उकळण्याआधी ते काही वेळ गुणगुणते. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरतात, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि बुडबुडा मिटतो. असे असंख्य बुडबुडे मिटतात, त्यांचा हा आवाज. रासायनिक प्रक्रियांमधील अल्ट्रासाऊंडच्या वापराचा इतिहास मी या आधणापासून सांगतो आहे, त्याला कारण आहे. हा इतिहास बहुधा १९२७ सालच्या अमेरिकेतील प्रयोगांपासून, ध्वनीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो मुळात बुडबुड्याचा इतिहास आहे; ध्वनी त्यात मधेच आला. हे लक्षात घेतले नाही, तर प्रयोगशाळेत गाजलेली ही विद्या कारखान्याच्या दारात का अडली, याचा उलगडा होत नाही.

पहिला प्रसंग जहाजांचा आहे. १८९४च्या सुमारास ब्रिटिश नौदलाच्या ‘डेअरिंग’ या विनाशिकेच्या चाचण्या चालू होत्या. अपेक्षा २७ नॉट वेगाची, पण जहाज २४च्या पुढे जाईना. पंखा इतक्या जोराने फिरत होता, की पात्यांमागे पाण्याचा दाब फार घटत होता आणि पाणी थंड असतानाच तिथे वाफेच्या पोकळ्या तयार होत होत्या. पात्याला पाण्याची पकडच मिळत नव्हती. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी पाती रुंद करून मार्ग काढला. या प्रकाराला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवले. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या बोटीलाही हाच अडथळा आला. त्यांनी अखेर तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसवले, तेव्हा ती धावली.

वेग मिळाला, पण आता पाती खड्डे पडून झिजू लागली. मऊ पाणी धातू कसे कुरतडते? या प्रश्नाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७मध्ये मांडले. त्यांच्या निबंधाची सुरुवात नौदलापासून होत नाही. ती उकळू घातलेल्या किटलीच्या आवाजापासून होते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्या आवाजाचे केलेले विवेचन वाचून आपण या प्रश्नाकडे वळलो, असे ते सांगतात. पोकळी मिटते तेव्हा भोवतालचे पाणी चहूबाजूंनी आत धाव घेते आणि सारी ऊर्जा एका ठिपक्याएवढ्या जागेत एकवटते. तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले. पात्यांच्या खड्ड्यांचे कोडे त्यातून सुटत होते.

त्याच सुमारास पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी फ्रान्सचे पॉल लाँजव्हँ क्वार्ट्झच्या स्फटिकातून श्राव्यातीत ध्वनी पाण्यात सोडत होते. त्या लहरींच्या झोतात लहान मासे मरत आणि पाण्यात हात घातला तर वेदना होत. तुलाँच्या नौदल तळावर हे पाहिलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड पुढे आल्फ्रेड लूमिस यांच्या खासगी प्रयोगशाळेत या विषयाकडे वळले. लूमिस हे वॉल स्ट्रीटवरचे धनिक; प्रयोगशाळा न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमधली. १९२७मध्ये वुड आणि लूमिस यांनी या ध्वनीचे भौतिक व जैविक परिणाम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रिचर्ड्स आणि लूमिस यांनी रासायनिक परिणाम मांडले: डायमिथाइल सल्फेटचे जलविघटन ध्वनीमुळे वेगाने होत होते.

इथे एक शंका यायला हवी. सेकंदाला २० हजार कंपनांच्या ध्वनीची पाण्यातील लहर सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब असते. एवढी लांब लहर रेणूमधला बंध तोडणार कशी? तोडत नाहीच. लहरीच्या ताणाने द्रवात बुडबुडा फुगतो, दाबाने तो मिटतो आणि रसायन त्या मिटण्यात घडते. केनेथ सस्लिक यांनी १९८०च्या दशकात केलेल्या मोजमापांनुसार त्या क्षणी बुडबुड्यातील तापमान सुमारे ५,००० केल्विनपर्यंत जाते. सूर्याचा पृष्ठभाग याहून थोडाच अधिक तप्त असतो. भोवतालचे भांडे मात्र कोमटच राहते.

मग कारखान्यांनी हे तंत्र डोक्यावर का घेतले नाही? साफसफाईची कुंडे, प्लॅस्टिकचे जोडकाम, तेल आणि पाणी एकजीव करणे, अशा कामांत अल्ट्रासाऊंड रुळला. हजारो लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र अडचण येते. बुडबुड्यांचा ढग कंपन पावणाऱ्या टोकाजवळच दाटतो आणि पुढे जाणारा ध्वनी अडवतो. टोकापासून थोडे दूर गेले की द्रव जवळजवळ निवांत असतो. विजेचे ध्वनीत रूपांतर करताना ऊर्जा वाया जाते ती वेगळीच. शिवाय टायटॅनियमचे टोकही झिजते. जहाजाच्या पात्यांची व्यथा इथेही सुटत नाही.

या कोंडीवरचे एक उत्तर माटुंग्यात शोधले गेले. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून स्थापन झालेली आणि पिढ्यान्‌पिढ्या ‘यूडीसीटी’ म्हणून ओळखली गेलेली ही संस्था, आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तेथील अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी स्निग्ध तेलांच्या जलविघटनावर कॅव्हिटेशनचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध केला. बुडबुडेच हवे असतील, तर ध्वनीचाच हट्ट कशाला, हा यामागचा विचार. द्रव पंपाने भोके पाडलेल्या तबकडीतून ढकलायचा. भोकात वेग वाढतो, दाब घटतो, पोकळ्या तयार होतात. पुढे दाब सावरला की त्या मिटतात. पंडित आणि त्यांचे सहकारी पुढेही हा विषय चालवत राहिले. मोठ्या प्रमाणावरच्या अनेक कामांत ही पद्धत अल्ट्रासाऊंडपेक्षा कमी ऊर्जेत काम करते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सांडपाण्यातील चिवट सेंद्रिय द्रव्ये तोडण्यासाठीही तिचा अभ्यास झाला आहे.

म्हणजे ज्या वाहत्या पाण्यातल्या पोकळ्यांनी ‘डेअरिंग’ला अडवले, त्यांच्याकडेच रसायन अभियंते शंभर वर्षांनी परतले. मधल्या काळातील ध्वनीचे संशोधन त्यामुळे फुकट गेले असे नाही. बुडबुड्याच्या पोटात काय घडते हे त्यानेच दाखवले, आणि नेमका वेळ व नेमकी जागा हवी असेल तिथे अल्ट्रासाऊंड आजही उपयोगी आहे. प्रश्न असा, की सहासात दशके ‘अधिक जोरदार ध्वनी कसा करायचा’ यावर इतके डोके चालवले गेले, की ‘बुडबुडा आणखी कशाने होतो’ हा साधा प्रश्न मागे पडला. त्याचे उत्तर पंपावर काम करणाऱ्या प्रत्येक फिटरला ठाऊक होते. पंपातून खडी जात असल्यासारखा आवाज आला, की त्याला कळते की आत कॅव्हिटेशन सुरू आहे. त्याचे काम तो आवाज बंद करण्याचे, म्हणून त्याला कुणी विचारले नाही.